दोन निरोप, एक काटा

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

केज,
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

प्रिय शिवाअक्का,

योग्याचा शिरसाष्टांग नमस्कार. आप्पांचा आणि आईचा तुला आशीर्वाद.

पत्र लिहायचं लई टाळलं. सकाळी दुकान उघडलं की ठरवायचो, आज लिहू, आणि रोज काहीतरी निघायचं. कधी पेन चालेना. कधी सटवाचं पिकअप धारूरच्या घाटात बंद पडलं म्हणून गेलतो, ते तिथून त्याच्याबरोबर जालन्यालाच गेलो. तुला माझे पाय माहीत आहेत. आई म्हणते, याच्या पायाला भिंगरी हाय, तिरडीवर निजवलं तरी उठून जाईल. आज मात्र शटर अर्धं ओढून गल्ल्यावर बसलोय. समोरच्या ओट्यावरून नजर काढता येत नाही, म्हणून कुठं जाताही येत नाही.

पत्ता राखीच्या पाकिटामागून घेतला. पाकीट फेकलं नव्हतं, त्यात सटवाच्या गाडीची जादा चावी ठेवलेली. बघ, कशाचा उपयोग कशाला होतो.

तू घरी यावंस, लवकर यावंस, एवढ्यासाठी लिहितोय. अक्षर ओळखून फाडू नको. शेवटापर्यंत वाच. आणि वरची आशीर्वादाची ओळ परत एकदा वाच. रीत म्हणून घाईत लिहून टाकली असं समजू नको.

इकडं थंडी सरत आली. शिवरात्र तोंडावर आहे, परळीच्या जिपा भरभरून चालल्यात. साबुदाण्याला, भगरीला गिऱ्हाईक आहे. दुकान आता आई बघते, मी गावात असलो तर मी. आप्पांनी दुकान का सोडलं, ते तुला कुणी सांगितलं नसणार.

आधी त्यांचा वास गेला. हळदीतली भेसळ नाकानं पकडणारा माणूस, त्यांनी कुबट शेंगदाणा विकला. साखराबाई पिशवी घेऊन भांडायला आल्या, "आप्पा, नाक गहाण टाकलं का वं?" चार माणसं हसली. आप्पा नुसते बघत राहिले. एरवी त्यांनी साखराबाईला सोडलं असतं का? मग बोलणं बारीक होत गेलं. मग तोंडच हलेना. हसू नाही, चीड नाही, पापणीसुद्धा कमी लवायची. गावात म्हणायला लागले, पोरगी तेलगावच्या पोराबरोबर गेली तवापासून आप्पांनी राग धरलाय. आई तेच म्हणायची. मीही तेच. तुला फोनवर मीच सांगायचो ना, आप्पांचा राग अजून उतरला नाही म्हणून? तू म्हणायचीस, "राहू दे मग." आणि आपण दुसरंच काहीतरी बोलायचो.

आता हैदराबादचं आठव. सटवाबरोबर सरकीची गाडी घेऊन आलतो, गाडी खाली करायला उशीर होता, म्हणून तुझ्या संस्थेच्या गेटावर आलो. वॉचमन आत सोडेना. अंगावर सरकीची रुई, कसा सोडंल? तू स्वतः खाली आलीस. पांढरा कोट घालायला दिलास, तो मला पोटावर बसेना.

त्या खोलीत मला एसी सोडून पहिल्यांदा काहीच कळलं नाही. मग तू भिंगाला डोळा लावायला सांगितलास. पाण्यात गोल गोल ठिपके. "उंदराच्या पेशी हायेत," तू म्हणालीस. हैदराबादेत राहूनसुद्धा माझ्याशी बोलताना तुझं 'हायेत' निघालं, तवा मला लई बरं वाटलं. शेजारी काचेची नळी, पुढं निमुळती ओढलेली, आणि तिच्या टोकाला कार्बनचा धागा, डोक्याच्या केसाहून बारीक. मी बोट पुढं केलं तर तू हातावर फटका मारलास.

"अय येड्या, हात नको लावू. महिना जातो एक धड सुई करायला."

"काय करती ही सुई?"

"चोरून ऐकती. या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. तोंड न्हाई त्यांना, मग काय करायचं? थेंबभर रसायन सोडतात. शेजारणीला ते लागलं की निरोप पोचला. ही सुई पेशीला टेकवून ठेवायची. रसायन सुटलं की सुईत वीज उठती."

आणि पडद्यावर खरंच उठली. सपाट रेघ चाललेली, मधेच बाभळीसारखा काटा. मग परत सपाट. मला लई वेळ तेच बघत बसावं वाटलं. आपल्या दुकानातल्या काट्यावर आप्पा चिमूटभर वेलदोडा टाकून बघायचे, तसं.

मी विचारलं, एवढं जमलंय तर आता काय राहिलं? तू खुर्चीत मागं रेललीस. म्हणालीस, अडचण पुढंच आहे. आपल्याला पाहिजे ते डोपामिन. पण मेंदूत त्याच्याभोवती क जीवनसत्त्व खच्चून भरलेलं असतं, पेरूत-लिंबात असतं तेच. आणि दोघांचा काटा पडद्यावर एकाच जागी उठतो. निरोप दोन, काटा एक. काटा उठला एवढंच कळतं, कुणाचा ते कळत नाही. म्हणून सुईला असा लेप द्यायचा की एकाला आत घेईल, दुसऱ्याला दारातच थांबवील. त्या लेपापायी तुझी एवढी वर्षं चाललीत.

मी म्हणलं, "म्हणजे आपल्याकडच्या 'सीरियस हाय'सारखंच झालं की."

तू आधी थांबलीस आणि मग जी हसलीस! आपल्याकडं माणूस गेला तरी कुणी फोनवर गेला म्हणत नाही. सीरियस हाय म्हणतात, ताबडतोब निघा म्हणतात. निघणाराला कळतं. जीपमध्ये बसल्यापासूनच बाया पदर तोंडाला लावतात. मग मी तुला पाटोद्याच्या मंजुळामावशीची गोष्ट सांगितली, तू गावात नव्हतीस तवाची. मावशी नुसती डेंग्यूनं पडली होती. तिच्या पोरानं सगळ्यांना खरंखरं कळवलं, आई सीरियस हाय. झालं! जिपा भरून माणसं, हातात टावेल-टोपी, दारापासूनच हंबरडा. मावशी बाजेवर उठून बसली, "अगं बयांनो, मला बघाया आलाव का घालवाया?" तू डोळे पुसत ती गोष्ट शेजारच्या टेबलावरच्या तेलुगू मॅडमला इंग्रजीत सांगितलीस. त्यांना काही हसू आलं नाही.

हे सगळं आठवतंय का तुला? मला तर रोज आठवतंय.

मागच्या पावसाळ्यात आप्पा न्हाणीत पडले. अंबाजोगाईला दाखवलं. डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं, बोटं उघडझाक करायला लावली आणि म्हणाले, कंपवात. मी म्हणलं, "सायेब, हात तर थरथरत न्हाई त्यांचा." ते म्हणाले, न थरथरता पण असतो. चेहरा बघा.

आई म्हणाली, "ते रागावलेत. पोरीवर."

"रागावलेले नाहीत, बाई," डॉक्टर म्हणाले. "त्यांच्या चेहऱ्यापर्यंत मेंदूचा निरोपच पोचत नाही. वास गेला असेल ना आधी? त्यातलंच ते." मग म्हणाले, मेंदूत एका ठिकाणच्या पेशी मरत चालल्यात, त्या जे रसायन सोडतात ते आटलंय. आणि त्यांनी नाव घेतलं. डोपामिन.

अक्का, माझ्या अंगावर काटा आला. तू तिकडं केसाएवढी सुई घेऊन जे शोधत बसलीस, ते इकडं आपल्या बापाच्या डोक्यात आटत होतं, आणि आम्ही सगळे त्याला राग म्हणत होतो.

मी तिथूनच तुला फोन करणार होतो. आईनं अडवलं. म्हणाली, नको, दया म्हणून येईल, ह्यांना ते सोसणार न्हाई. मला पटलं नव्हतं. पण मी भांडलो नाही, बीडला एका मंडपवाल्याकडं कामाला निघून गेलो. तिथून मांजरसुंब्याला. तिथं एक माणूस मोर पाळायचा, त्याच्याकडं चांगला राहिलो. जाऊ दे मोराचं.

आता जे लिहायचं ते लिहितो.

मागच्या महिनाअखेरीला आई त्यांना सकाळी दूध-भाकरी चारत होती. त्यांना गिळायला जड जातं. घास उलटा गेला. फुप्फुसात गेला. अंबाजोगाईला नेलं तवा ओठ निळे पडलेले. आतल्या डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, पेशंट सीरियस आहे, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. मी त्यांचाच शब्द उचलला आणि तुला टाकला. "आप्पा सीरियस हाय. लगेच निघ."

तू विचारलंस, "किती वाजता?"

मला वाटलं, कधीपासून असं झालं ते विचारतेस. मी लिहिलं, "सकाळी. दूध पिताना."

मग तुझं आलं, "मला आप्पाच मातीला येऊ नको म्हणले होते. नाही येत. आईला जप."

तवा डोक्यात उजेड पडला माझ्या. माझ्या एका शब्दाचे दोन निरोप होते, आणि तुझ्याकडं दुसराच काटा उठला. ज्या गोष्टीवर आपण दोघं पोट धरून हसलो, तीच मी तुला धाडली होती.

आप्पा जित्ते हायेत, अक्का.

ही ओळ पत्रात सगळ्यात आधी पाहिजे होती. तशी लिहून बघितली. कागदावर ती एकटी लई वाईट दिसते, कुणीतरी खोडसाळपणा केल्यासारखी. दोन कागद फाडले. म्हणून आशीर्वादात घातली आणि पुढं सगळं फिरून आलो. मला सरळ रस्त्यानं कुठं जाता येत नाही, हे तू लहानपणापासून बघतेस.

आणि अजून एक आहे. तुझा तो मेसेज वाचल्यावर मी लगेच लिहिलं होतं, जित्ते हायेत म्हणून. बोट पाठवायच्या खुणेवर होतं. पाठवलं नाही. मला राग आला. बाप गेला असं समजली आणि एका ओळीत मिटवलं हिनं? बसू दे म्हणलं तशीच. बघू दे बिनबापाचं कसं वाटतं. खाली चहाच्या टपरीवर गेलो, तिथं सटवा भेटला, त्याच्याबरोबर बोलत बसलो. दुसऱ्या दिवशी राग उतरल्यावर पाठवलं. तवर तू फोन बंद केला होतास. एकच टिक आली. आजपर्यंत एकच टिक आहे. रोज उघडून बघतो. तुझ्या भाषेत, रसायन सुटलंय आणि शेजारणीला लागलेलं नाही.

तुझ्या नवऱ्याचा, अभिमन्यूचा नंबर माझ्याकडं नव्हता, म्हणून तुझ्या संस्थेत फोन केला. एक माणूस म्हणाला, "मॅडम छुट्टी पे हैं. उनके घर में गमी हो गई, वालिद गुजर गए." मी विचारलं, कुणी सांगितलं? तो म्हणाला, आप कौन? मी फोन ठेवला. काय सांगायचं होतं त्याला? की त्या वालिदची, माझ्या बापाची, आत्ताच पाठ पुसून आलोय?

त्यानंतर मी जालन्याला गेलतो. वर गाडी बंद पडल्याचं लिहिलंय ते खरं आहे, पण गाडी घाटातच नीट झाली होती. मला घरी यायचं नव्हतं. कारण घरी आलं की आप्पा विचारतात.

दवाखान्यातून घरी आणलंय त्यांना. न्या म्हणाले, आता घरीच ठेवा. छातीत खरखर आहे. पेज चमच्यानं द्यावी लागते, त्यातली निम्मी परत येते. दवाखान्यात मिशा काढल्या. तुझ्याकडं त्यांचा जो फोटो आहे ना, गल्ल्यावर बसलेले, मिशांना पीळ, कपाळभर विभूती, त्यातला माणूस शोधायला जाशील तर सापडायचा नाही. अंगावर हाडं आणि शाल.

त्यांचं बोलणं ऐकायला कान ओठाला लावावा लागतो. पहिल्या दिवशी लावला. म्हणाले, "शिवा?"

मी म्हणलं, "निघाली हाय."

तोंडावर काहीच आलं नाही. पण बाज रस्त्याकडं फिरवायला लावली. तवापासून दिवसभर ओट्यावर, तोंड अंबाजोगाईच्या रस्त्याकडं. जीप थांबली की त्यांचा श्वास बदलतो. आईला ते कळत नाही, मला कळतं. जीप गेली की परत खरखर.

काल मला राहवलं नाही. विचारलं, "आप्पा, तुमीच तिला म्हणला होता ना, माझ्या मातीला सुदा येऊ नको?"

एवढा वेळ लागला की मला वाटलं झोपले. मग ओठ हलले. "मातीला म्हणलं होतं. जित्तेपणी नको म्हणलं न्हवतं."

जन्मभर दुकान केलेला माणूस. शब्दसुद्धा तोलून दिलेला, आणि आपण अख्ख्या घरानं तो मापात चुकवला. मी उठून आत गेलो.

तर अक्का, ये. संध्याकाळच्या गाडीत बसलीस तर सकाळी इथं. अभिमन्यूला घेऊन ये. आप्पांचा चेहरा बघून घाबरू नको, त्यावर राग दिसला तर तो राग नाही. तुला हे मी सांगावं, म्हणजे... तूच मला शिकवलंस की सुईवर घाण बसली तर रेघ सपाट दिसते, पेशी बोलत असली तरी. तू आलीस तर तुला दिसंल. आम्हाला कुणाला ते बघायचं शिक्षण नाही.

पत्र पोचायला वेळ लागणार, हे मला कळतं. त्या वेळेत काय होईल ते डॉक्टरांनीही सांगितलं नाही. आईनं कालच शेताच्या कडेची बेलाखालची, आपल्यात पुरतात ती जागा साफ करून घेतली. मला न सांगता.

थांब. जीप थांबली बाहेर.

एक माणूस उतरलाय. हातात पिशवी, वरून पांढरं कापड आणि टावेल-टोपी दिसतेय. चपला रस्त्यातच काढल्या त्यानं, लांबवर. राम राम नाही, काही नाही. खाली मान घालून येतोय, दुखवट्याच्या घरी येतात तसा. वळखीचा नाही...

अक्का, हा अभिमन्यू आहे. तुझ्या लग्नाच्या फोटोतला. तुझ्या हिशोबानं आज आप्पांचा तेरावा. आपल्यात काय रीत आहे ते त्याला ठाऊक नसणार, त्याच्या घरच्या रीतीनं आलाय. तुला न सांगता आला असणार. मातीला येऊ नको, हे तुला म्हणले होते. त्याला कुणी म्हणलं नव्हतं.

तो ओट्यावर चढला. आप्पांना त्यानं कधी समोर बघितलं नाही, आप्पांनी त्याला नाही. त्याला वाटतंय कुणीतरी भावकीतलं म्हातारं माणूस बसलंय. पाया पडला. बाजेच्या पायथ्याशी खाली बसला. मला इथून ऐकू येतंय. आप्पांनाच म्हणतोय, "आप्पा गेल्याचं कळलं. शिवाला यायला जमलं न्हाई... लई रडती ती."

आप्पांचे ओठ हलतायत. त्याला ऐकू जात नाही. आप्पा त्याच्याकडं बघतायत, आणि तोंडावर काहीच नाही. पण शालीच्या आतनं हात निघायला लागलाय. लई हळू निघतोय.

आणि तो तेवढा वेळ थांबत नाही. त्याला वाटलं, म्हातारा रागानं बघतोय. पिशवी बाजेपाशी ठेवली. उठला. दुखवट्याच्या घरून निघताना येतो म्हणत नाहीत, तसाच निघंल, न बोलता. मी जातो. त्याला धरतो. त्याच्या फोनवरून तू उचलशील. या वेळेला सीरियस म्हणणार नाही.

तरी हे पत्र टाकणारच. आप्पा तुझी वाट बघतायत, हे आज लिहून ठेवतो, अक्का. उद्या लिहिता येईल का नाही, माहीत नाही.

तुझा,
योग्या